नावाची फोड

आमच्या घरी देवघराशेजारच्या फडताळात एक तांबड्या पुठ्ठ्याची वही आहे. तिच्या पानापानांवर देवनागरीत लांबलचक सामासिक शब्द लिहिले असून त्यांच्या पोटात जागोजाग अवग्रहाची चिन्हे घातलेली आहेत. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे उतरलेल्या एका वृद्ध व भाविक पाहुण्यांनी ती उघडली, चार ओळींवरून नजर फिरविली आणि हा कोणत्या तरी वेदशाखेचा पदपाठ असावा अशा समजुतीने ती कपाळाला लावून होती तेथे ठेवली. आम्ही त्यांचा भ्रम दूर केला नाही. ज्या पानाला त्यांचे कपाळ टेकले होते त्या पानावर जंतांवरची औषधे होती.

ही वही कशी जन्मली, हे आम्ही आजवर घरातही पुरतेपणी सांगितलेले नाही. निवृत्त होऊन वर्षे लोटली. ज्यांच्यापुढे संकोच वाटावा असे वरिष्ठही आता राहिले नाहीत. तेव्हा सांगण्यास प्रत्यवाय नसावा.

आमचे शिक्षण संस्कृत घेऊन बी. ए. पर्यंतचे, तेही याच बडोद्यात. रसायनशास्त्राशी असलेला आमचा संबंध शाळेबरोबरच संपला, तो कायमचा, अशी आमची समजूत होती. परंतु माणसाने काय शिकावे आणि त्याच्या मेजावर कोणत्या फायली याव्यात, यांचा मेळ घालण्याची प्रथा सरकारी नोकरीत नाही. १९८५ साली आमची नेमणूक सरकारी रुग्णालयांना औषधे पुरविणाऱ्या एका कचेरीत झाली. रुग्णालयांकडून मागणीपत्रके येत; ती छापील दरपत्रकाशी ताडून पाहायची, आकडे भरायचे, सही करायची आणि कोठाराकडे पाठवायची. काम अवघड नव्हते. अवघड होती ती नावे. मंदाक्रान्तेतला यती कोठे पडतो हे झोपेतही सांगू शकणारे आम्ही, त्या दरपत्रकातल्या एकाही नावात कोठे थांबावे हे सांगू शकत नव्हतो.

एके दिवशी दुपारी एका मनोरुग्णालयातून दूरध्वनी आला. मागणी तातडीची होती. पलीकडचे डॉक्टर इंग्रजी वळणाने बोलणारे होते. त्यांनी उच्चारलेल्या नावातले ‘क्लोरप्रॉ’ एवढे आम्हांला स्वच्छ ऐकू आले. पुढचे खरखरीत बुडाले. पुन्हा विचारावे, तर आपले अज्ञान उघडे पडते. नव्या अधिकाऱ्याला अज्ञानाचे फारसे भय नसते, ते उघडे पडण्याचे असते. आम्ही ‘हो हो’ म्हणून दरपत्रक उघडले. तशाच अक्षरांनी सुरू होणारी दोन नावे लागोपाठच्या ओळींत छापलेली होती : क्लोरप्रोमाझीन आणि क्लोरप्रोपामाइड. दोन्ही शंभर मिलिग्रॅमच्या गोळ्या. आम्ही खालच्या ओळीसमोर आकडा लिहिला, सही केली आणि चहा मागविला.

पाचव्या दिवशी सकाळी त्या रुग्णालयाचे वृद्ध कंपाउंडर आमच्यापुढे येऊन उभे राहिले. गुजराती गृहस्थ, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी हजार गोळ्यांचा एक सीलबंद डबा काढून मेजावर ठेवला.

“साहेब, हे आपल्याकडून आले?”

आम्ही डब्यावरचे नाव पाहिले, मागणीपत्रक पाहिले आणि होय म्हणालो.

“ही मधुमेहाची गोळी आहे, साहेब. आम्ही मागितली होती ती मनाची.”

आम्ही काही तरी पुटपुटलो असू. ते शांतपणे म्हणाले, “मी डबा फोडला नाही. पण माझ्या जागी कुणी नवा मुलगा असता तर फोडला असता. आमच्याकडची माणसे आधीच असंबद्ध बोलतात, घामाघूम होतात, थरथरतात, गुंगीत पडून राहतात. साखर उतरलेला माणूसही तेच करतो. कुणाला कळले असते?”

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला तेव्हाही देता आले नाही. क्लोरप्रोपामाइड या औषधाचा अंमल दीर्घकाळ टिकतो, हे पुढे वाचनात आले. ज्याला मधुमेह नाही अशा माणसाची साखर ते उतरविते आणि चढू देत नाही. ती माणसे तक्रार करू शकली नसती. केली असती तर ती त्यांच्या आजारातच जमा झाली असती.

कंपाउंडरकाकांनी लेखी तक्रार केली नाही. डबा बदलून मिळावा एवढीच त्यांची विनंती होती. ती आम्ही तासाभरात पुरी केली. आणि आम्हीही वरिष्ठांना काही कळविले नाही. पहिली चूक ऐकण्याची होती, ही दुसरी गप्प बसण्याची. आज मागे वळून पाहता दुसरी अधिक मोठी वाटते. कारण पहिली जर चार जणांना कळली असती, तर तीच चूक दुसऱ्या कचेरीत, दुसऱ्या दूरध्वनीवर होण्याची एक वाट तरी बुजली असती. या लेखाचे खरे कारण तेच आहे.

डब्याची वाट पाहत बसले असता काकांनी आमच्या मेजावरची तांबडी पेन्सिल उचलली आणि दरपत्रकातल्या त्या दोन नावांच्या शेवटांखाली रेघा ओढल्या. “पूछडुं जुओ, साहेब,” ते म्हणाले, “पूछडुं.” शेपूट पाहा. “डोके दोघांचे सारखे. कुळ शेपटात असते.” मग खिशातून त्यांनी एक लहानशी वही काढून दाखविली. तीत गुजराती लिपीत औषधांची नावे होती आणि प्रत्येक नावाचे उभ्या रेघांनी तुकडे पाडलेले होते. ते शिकले होते जेमतेम. पण ती वही पाहताना आम्हांला आमच्या संस्कृतच्या गुरुजींची आठवण झाली. समासाचा विग्रह केल्याखेरीज अर्थाला हात लावायचा नाही, आणि तत्पुरुषात प्रधान पद शेवटचे असते, हे ते आम्हांला बजावीत असत. राजपुरुष हा राजा नव्हे, पुरुष होय. काकांनी तांबड्या पेन्सिलीने सांगितले ते याहून वेगळे नव्हते.

त्याच संध्याकाळी आम्ही वही विकत घेतली आणि पहिल्या पानावर ही दोन नावे लिहिली.

त्यांचा विग्रह आम्हांला लगेच साधला नाही. महाविद्यालयातल्या रसायनाच्या एका प्राध्यापकांकडे चार वेळा जावे लागले. तेव्हा कळले की, दोन्ही नावांतला ‘क्लोर’ म्हणजे क्लोरीन आणि दोन्हींतला ‘प्रो’ वा ‘प्रोप’ म्हणजे प्रोपिल, तीन कार्बन अणूंची एक साखळी. म्हणजे डोके नुसते सारखे दिसत नव्हते, ते खरोखरच सारखे होते. भेद पुढे होता. एकातला ‘झीन’ हा फिनोथायाझीन या मूळ संयुगाचा शेवट. दुसऱ्यातला ‘अमाइड’ हे निराळ्या गटाचे नाव. पहिले औषध फ्रान्समध्ये १९५० च्या डिसेंबरात तयार झाले आणि १९५२ पासून पॅरिसमध्ये मनोरुग्णांना दिले जाऊ लागले. वेडाच्या इस्पितळांचे रूप पालटविणाऱ्या औषधांत त्याची गणना होते. दुसऱ्याचे कुळ मधुमेहावरच्या गोळ्यांचे. लागोपाठच्या दोन ओळींत दोन वेगळी जगे बसली होती आणि आम्ही आकडा लिहिताना त्यांच्यातली रेघ ओलांडली होती.

चूक ऐकण्याची झाली ती का, हेही मग ध्यानात आले. इंग्रजी उच्चारात या नावांचा आघात ‘प्रॉ’ या अक्षरावर पडतो : क्लोर-प्रॉम-अ-झीन, क्लोर-प्रॉप-अ-माइड. म्हणजे बोलणारा नेमका सामाईक भागावर जोर देतो आणि जेथे भेद आहे ते शेपूट हलक्या आवाजात सोडून देतो. उरला भेद म आणि प यांचा. हे दोघेही पवर्गातले, दोघेही ओष्ठ्य. ओठ मिटल्यावाचून एकही उच्चारता येत नाही. म उच्चारताना वारा नाकातून जातो एवढाच कानाला आधार, आणि त्या काळच्या दूरध्वनीत तो आधार कोठला टिकणार! मराठी माणूस हेच नाव वाचतो तेव्हा प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखे वजन देतो. इंग्रजी जाणणारे या सपाट उच्चाराला हसतात. आमचा अनुभव असा की, औषधाच्या नावाला तो सपाट उच्चारच अधिक सुरक्षित आहे; त्यात शेवटचे अक्षरही पहिल्याइतकेच ऐकू येते.

यानंतर आम्ही नावे फोडण्याच्या नादाला लागलो, आणि असे दिसून आले की फोड दोन प्रकारची असते. एक जिभेची : जेथे दम संपतो किंवा जोडाक्षर अडते तेथे थांबायचे. दुसरी अर्थाची : जेथे एक घटक संपून दुसरा सुरू होतो तेथे थांबायचे. या दोन फोडी एकाच जागी पडल्या तर भाग्य. ‘प्रोपामाइड’ हा शब्द जीभ ‘प्रो-पा-माइड’ असा तोडते. अर्थ मात्र ‘प्रोप-अमाइड’ असा तुटतो. आपल्या लिपीत येथे आणखी एक अडचण आहे. देवनागरीचे एकेक अक्षर म्हणजे एकेक उच्चारखंड, हे तिचे मोठे सामर्थ्य. पण ‘पा’ या अक्षरात प् अलीकडच्या घटकाचा आणि आ पलीकडच्या घटकाचा. सांधा अक्षराच्या पोटात पडला. रेघ ओढायची कोठे?

याचे उत्तर आमच्या पूर्वजांनी देऊन ठेवले होते. वेदांच्या संहितेत शब्द संधीने एकमेकांत मिसळलेले असतात; ते सुटे करून म्हणण्यासाठी पदपाठ रचला गेला. ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्याचा. त्यात समासाचे घटक अवग्रहाने निराळे दाखविले जातात : पुरोहित हे पद पुरःऽहित असे होते. संधी सुटतो, मूळ रूप परत येते आणि सांध्यावर खूण राहते. आम्ही तीच खूण उचलली. क्लोरऽप्रोपऽअमाइड. आमच्या भाविक पाहुण्यांचा तर्क अगदीच निराधार नव्हता, असे आता वाचकांनाही वाटेल.

या दृष्टीने पाहू लागल्यावर रोजच्या ओळखीची नावेही बोलू लागली. घरोघरच्या तापाच्या गोळीचे नाव घ्या. पॅरा-ॲसिटिल-अमिनो-फिनॉल हे तिचे रासायनिक नाव. त्यातून काही अक्षरे ठेवून, काही गाळून इंग्लंडात ‘पॅरासिटामॉल’ झाले आणि त्याच नावातून निराळी अक्षरे ठेवून अमेरिकेत ‘ॲसिटामिनोफेन’ झाले. वस्तू एक, मूळ नाव एक, कात्री दोन. पॅरा आणि ॲसिट यांचा ‘पॅरासिट’ झाला तो तर आपला सवर्णदीर्घ संधीच म्हणायचा. परदेशी राहणाऱ्या मुलाकडे गेलेले आमचे एक स्नेही तेथे पॅरासिटामॉल मिळत नाही म्हणून तीन दिवस ताप अंगावर काढून बसले होते. दुकानातल्या फळीवर ती गोळी दुसऱ्या नावाने मांडलेली होती.

चुकीच्या जागी कात्री लागल्याची उदाहरणेही थोडी नाहीत. कपड्यांत ठेवायच्या डांबराच्या गोळ्या ज्याच्या होतात ते नॅफ्थॅलीन. त्यापासून निघालेल्या आम्लाचे नाव आखूड करताना पुढचे ‘नॅ’ उडविले गेले आणि राहिला तो ‘फ्थ’ने सुरू होणारा, कोणत्याही जिभेला न पेलणारा शब्द, आता त्यातला फ लिहितात, पण उच्चारीत नाहीत, ‘थॅलिक’ म्हणतात. बेन्झिनची कथा याहून जुनी. आपण धूपात घालतो त्या लोबानाचे अरबी नाव ‘लुबान जावी’, म्हणजे जावा बेटाकडचा लोबान. हे नाव युरोपात पोचले तेव्हा त्यातला पहिला ‘लु’ हा आपल्याच भाषेतला उपपद-प्रत्यय आहे असे तेथल्या लोकांना वाटले आणि त्यांनी तो काढून टाकला. उरलेल्या ‘बान जावी’चे होता होता बेन्झॉइन झाले आणि त्यावरून बेन्झिन. साऱ्या सेंद्रिय रसायनशास्त्राचा जो मोठा आधार, त्याचे नावच अशा रीतीने एका चुकलेल्या पदच्छेदातून आले आहे.

आयझॅक असिमॉव्ह हे अमेरिकन लेखक मूळचे जीवरसायनाचे प्राध्यापक. १९६३ साली त्यांनी ‘पॅराडायमेथिलअमिनोबेन्झाल्डिहाइड’ या एकाच नावावर सबंध लेख लिहिला. हे नाव एका प्रसिद्ध आयरिश नाचाच्या चालीवर बिनचूक बसते, असा त्यांचा शोध. आम्ही ते मोजून पाहिले. इंग्रजी आघाताला गुरू आणि बाकीच्यांना लघू मानले, तर गुरु-लघु-लघु असे चार गण पडतात. ‘यमाताराजभानसलगम्’मधला हा भगण, आणि चार भगणांचे वृत्त म्हणजे आपले मोदक. आमच्या मात्रांच्या काटेकोर हिशेबात ते अर्थातच बसत नाही, पण कानाला बसते. गंमत अशी की, तालावर म्हटले की हे नाव पाठ होते, आणि पाठ झाले तरी कळत नाही. कळण्यासाठी पुन्हा विग्रहच करावा लागतो : पॅराऽडायऽमेथिलऽअमिनोऽबेन्झऽआल्डिहाइड. शेवटचा आल्डिहाइडही एकसंध नाही. ज्या अल्कोहोलातून हायड्रोजन काढून घेतला आहे ते, अशा अर्थाच्या दोन लॅटिन शब्दांची टोके जोडून तो बनविलेला आहे. ‘ल्ड’ या जोडाक्षरात तो सांधा असा मुरला आहे की, खूण केल्यावाचून दिसू नये.

संस्कृतच्या विद्यार्थ्याला या रानात एकटे वाटण्याचे कारण नाही, हेही हळूहळू उमगले. डाय, ट्राय, टेट्रा, पेंटा, हेप्टा, ऑक्टा, डेका हे आपल्या द्वि, त्रि, चतुर्, पंच, सप्त, अष्ट, दश यांचे ग्रीक भाऊबंद. लाव्हाझिए आणि त्याचे सहकारी यांनी १७८७ साली रसायनांना पद्धतशीर नावे देण्याचा ग्रंथ काढला, तेव्हा नायट्रोजनाला ‘ॲझोट’ म्हटले : ज्यात जीव जगत नाही तो वायू. यातला ‘अ’ म्हणजे आपला नञ् आणि पुढचा ग्रीक शब्द आपल्या ‘जीव’ शब्दाचा सख्खा नातलग. अजीव! जंतांवरच्या, बुरशीवरच्या अशा कित्येक औषधांच्या नावांअखेर जे ‘ॲझोल’ येते, त्यात हा अजीव अजून नांदतो आहे.

मग अशी नावे आपल्या भाषेतच का करू नयेत, असा प्रश्न आमच्या मंडळींत नेहमी निघतो, आणि बडोद्यात तो निघणे साहजिक आहे. १८९० साली सयाजीराव महाराजांनी येथे कलाभवन काढले आणि त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाला त्याचे पहिले प्राचार्य नेमले. शास्त्र देशी भाषांतून शिकवावे, हा दोघांचाही आग्रह. राज्यकारभारातील संज्ञांचा ‘श्रीसयाजीशासनकल्पतरु’ हा बहुभाषी कोश १९३१ साली येथेच निघाला. मराठीत एके काळी कर्बद्विप्राणील वायू लिहीत असत. डॉ. रघुवीर यांनी ऑक्सिजनला जारक, कार्बनला प्रांगार आणि हायड्रोजनला उदजन म्हटले. यातला उदजन तर मूळ ग्रीक शब्दाचा अंशाअंशाने केलेला अनुवाद आहे. महाराष्ट्रातला शेतकरी आजही खताच्या दुकानात नत्र, स्फुरद, पालाश हेच शब्द वापरतो. परंतु संयुगांची संख्या वाढत गेली तशी ही वाट अरुंद पडली. १९६१ साली स्थापन झालेल्या वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगाने मूलद्रव्यांची व संयुगांची आंतरराष्ट्रीय नावे तशीच ठेवून ती आपल्या लिपीत लिहावीत असे ठरविले. आम्हांला हा निर्णय योग्य वाटतो, एका पुरवणीसह. नाव परक्याचे घ्यावे, पण ते आपल्या लिपीत लिहिताना त्याचे सांधे दाखवावेत. मराठी विश्वकोशात ‘डाय-ऑक्साइड’ असे मध्ये आडवी रेघ देऊन छापतात, ती रेघ आम्हांला फार मोलाची वाटते.

मेथिल म्हणावे की मिथाइल, ॲल्युमिनिअम की ॲल्युमिनम, यावर वाद घालणारे आमच्या ओळखीत आहेत. इंग्रज एक म्हणतो, अमेरिकन दुसरे. १९९० साली रसायनशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघाने पहिले रूप स्वीकारले आणि तीन वर्षांनी दुसरेही चालेल म्हणून सांगितले. जागतिक आरोग्य संघटना १९५३ पासून औषधांच्या सामान्य नावांच्या याद्या प्रसिद्ध करीत आली आहे. नाव सर्व भाषांच्या लोकांना लिहिता-बोलता यावे यासाठी नव्या नावांत शक्यतो फ साठी एकच अक्षर वापरावे, इ साठी वाय नको, असे साधे नियम तिने केले आहेत. स्वर थोडा इकडेतिकडे झाल्याने बहुधा बिघडत नाही. सांधा हरवला आणि शेपूट गळाले, की बिघडते.

ही गोष्ट दूरदेशीच्या तज्ज्ञांनाही जाणवली होती. २००१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दिसायला व ऐकायला सारख्या नावांच्या जोड्या निवडल्या आणि त्यांतली वेगळी असणारी अक्षरे मोठ्या लिपीत छापण्याची शिफारस केली. ती यादी आमच्या पाहण्यात आली तेव्हा आम्ही नोकरीतच होतो. तीत क्लोरप्रोमाझीन आणि क्लोरप्रोपामाइड यांची जोडी होती. एकीचे ‘माझीन’ आणि दुसरीचे ‘पामाइड’ मोठ्या अक्षरांत. आम्ही बराच वेळ त्या ओळीकडे पाहत बसलो. चूक एकट्या आमची नव्हती, हे समाधान त्यात होते. पण ज्या रेघा त्यांनी छापील अक्षरांनी ओढल्या, त्या एका कंपाउंडरने सोळा वर्षांपूर्वी आमच्या मेजावर तांबड्या पेन्सिलीने ओढल्या होत्या, आणि आम्ही त्या आमच्या वहीपलीकडे जाऊ दिल्या नव्हत्या. देवनागरीत मोठी-धाकटी अक्षरे नाहीत. आपल्याला रेघ, अवग्रह किंवा तांबडी पेन्सिल यांपैकीच काही तरी घ्यावे लागेल.

निवृत्तीनंतर वहीला दुसरा जन्म मिळाला. जनौषधी केंद्रांतून गोळ्या घेणाऱ्या शेजाऱ्यांना पट्टीवर परिचयाचे व्यापारी नाव सापडत नाही. ते पट्ट्या घेऊन आमच्याकडे येतात. आम्ही औषध सांगत नाही, नाव वाचायला शिकवितो. ‘सार्टन’, ‘प्रिल’, ‘डिपिन’ असे शेवट आले तर बहुधा रक्तदाबाचे कुळ, ‘स्टॅटिन’ कोलेस्टेरॉलचे, ‘सिलिन’ पेनिसिलिनच्या घराण्यातले. शेवट ‘विर’ असला की विषाणूंविरुद्धचे. २०२१ च्या त्या भयंकर वसंतात ‘रेमडेसिविर’ हे नाव गावोगावच्या रांगांतून दहा तऱ्हांनी उच्चारले गेले. आमच्या गल्लीतला एक मुलगा चिठ्ठीवरचे नाव वाचता न आल्याने ते तळहातावर मराठीत लिहून घेऊन गेला होता. ते आम्हीच लिहून दिले होते, शेवटच्या दोन अक्षरांखाली रेघ ओढून.

तथापि काकांच्या सूत्रालाही मर्यादा आहे, आणि ती सांगितली नाही तर आमची तिसरी चूक होईल. गेल्या वर्षी एका वृद्ध बाईंनी दोन पट्ट्या पुढे केल्या : रॅबेप्राझोल आणि अरिपिप्राझोल. “दोन्हींचे शेपूट एकच, तुम्हीच शिकविले. मग दोन्ही आंबटपित्ताच्याच ना?” पहिली आंबटपित्ताची खरी, दुसरी मनाच्या आजाराची होती, त्यांच्या मुलासाठी दिलेली. शेपूट ‘प्राझोल’ एवढेच धरले तर दोन्ही एक. ‘पिप्राझोल’ इतके लांब धरले तर कुळ वेगळे. ‘ॲझोल’ एवढेच धरले तर जंत, बुरशी आणि आंबटपित्त सारेच एका पंक्तीला बसतील. शेपूट कुळ सांगते, व्यक्ती सांगत नाही. आणि किती लांबीचे शेपूट धरायचे हे जाणत्यालाच विचारावे लागते. आम्ही त्यांच्यासह औषधांच्या दुकानात गेलो, तेथल्या मुलाकडून दोन्ही नावे अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचून घेतली आणि कोणती कोणाची हे पट्ट्यांवर मराठीत लिहून घेतले. पुन्हा विचारण्याची लाज मात्र आता आम्हांला वाटत नाही.

काकांची पुन्हा भेट झाली नाही. आमची बदली झाली. आम्ही चौकशी केली तोवर तेही निवृत्त होऊन आपल्या गावी गेले होते. क्लोरप्रोपामाइडही आता बहुतेक ठिकाणी वापरातून गेले आहे. क्लोरप्रोमाझीन मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत अजून आहे. म्हणजे जोडी फुटली. वहीचे ते पहिले पान आता निरुपयोगी झाले, असे म्हणता येईल. आम्ही ते काढून टाकलेले नाही. पानाच्या तळाशी, इतकी वर्षे कोरी ठेवलेली जागा होती. तेथे हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही १९८५ हे साल, मागणीतला आकडा आणि आमची सही घातली.